एक प्रश्न आणि चार दप्तरे



समजा, आपल्या गावात गारपीट झाली आणि उन्हाळी भुईमूग गेला. आता प्रश्न असा, की ज्यांचे पीक गेले त्यांत दोन हेक्टरांच्या आतले अल्पभूधारक किती? उत्तर लिहिलेले आहे खरे; पण एका ठिकाणी नाही, चार दप्तरांत विखुरले आहे. आणि प्रत्येक दप्तराची तऱ्हा निराळी!

गाव नमुना सातमध्ये जमीन मुख्य: गट, क्षेत्र आणि धारक. बारामध्ये त्याच जमिनीवरचे पीक. आठ-अ मध्ये खाते मुख्य. त्या खात्यावरचे सारे गट एकत्र. चौथे दप्तर सोसायटीचे, त्यात कर्ज मुख्य. तेव्हा पीक बाराला विचारावे, जमीन आठ-अला.

मग यांची सांगड कशाने घालायची? नावाने नव्हे. एकीकडे रामा, दुसरीकडे रामचंद्र. आणि एकाच नावाची दोन माणसेही गावात असतात, हो की नाही? गट क्रमांक आणि खाते क्रमांक हेच भरवशाचे दुवे.

पण एवढ्याने भागत नाही. तिघा भावांचे साडेचार हेक्टरांचे सामाईक खाते असले, तर सारे क्षेत्र प्रत्येकाच्या नावे धरले की तिघेही यादीबाहेर जातात. हिस्से समान असतील तर प्रत्येकाचे दीडच हेक्टर. उलट, एखाद्याचे शिवाय स्वतंत्र खातेही असते; ते मिळवायलाच हवे.

आकड्यांचेही तसेच. जुन्या कागदावरचे १.२० म्हणजे १ एकर २० गुंठे, अर्थात दीड एकर. नव्या कागदावर तेच १.२० म्हणजे १ हेक्टर २० आर, जवळजवळ तीन एकर! वर्षाचे पाहा. मे २०२४ हा महिना महसुली हिशेबाने २०२३-२४ मध्ये पडतो, कारण ते वर्ष १ ऑगस्टला सुरू होते. आर्थिक हिशेबाने मात्र तो २०२४-२५ मध्ये. आणि कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे, बरं का! पीक नव्हते, की नोंदच राहिली, हे विचारून घ्यावे.

यासाठी दप्तरे बदलायला नकोत. एक जुळणी-तक्ता करावा: कोणत्या दप्तरातला कोणता रकाना दुसऱ्यातल्या कोणत्या रकान्याशी जुळतो, माप कोणते, वर्ष कोणते. मूळ नोंद जशीच्या तशी ठेवून रूपांतर शेजारी लिहावे, म्हणजे चूक सापडते. गुरुजींनो, सातवी-आठवीच्या मुलांकडून असा तक्ता जरूर करवून घ्या. गणिताचा याहून जिवंत धडा कोणता?

संगणक हे काम क्षणात करतो. पण रकान्यांचा अर्थ त्याला माणसानेच सांगावा लागतो. तो चुकीचा सांगितला, तर चूकही क्षणात होते, आणि मदतीच्या यादीतून नाव गळते ते ज्याला गरज आहे त्याचे. म्हणून यादी लागली की तिच्यातली बेरीज पाहण्याआधी माप, वर्ष आणि हिस्सा या तीन गोष्टी अवश्य विचारा.