मुकादमाची वही



आपल्यापैकी कित्येकांनी पनवेल, कामोठे वा खारघर येथे सदनिका घेऊन ठेवल्या आहेत, आणि उलव्याच्या विमानतळामुळे वाढलेल्या त्यांच्या किमतीची वार्ता आपल्यापर्यंत, येथे ऑस्ट्रेलियात, नियमाने पोहोचते. परंतु ज्यांनी त्या इमारतींचे स्लॅब ओतले, त्यांच्या मनःस्वास्थ्याची विचारपूस खुद्द पनवेलातही क्वचितच होते.

मजूर नाक्यावर सकाळी उभा राहणारा बिगारी मराठवाड्यातून, उत्तर कर्नाटकातून वा बिहारातून आलेला असतो. घेतलेली उचल गावीच खर्ची पडलेली, खाडा झाला की मजुरी बुडालेली, आणि साईट आटोपली की पत्र्याच्या खोलीबरोबर शेजारही उठलेला. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या दप्तरी २०२१ सालच्या १,६४,०३३ आत्महत्यांपैकी ४२,००४ रोजंदारांच्या नोंदल्या आहेत. ‘हे लोक दारूपायी जातात’ असा शेरा मारून आपण सुशिक्षित मोकळे होतो. दारू असते, हे मी नाकारीत नाही. पण दिवसभर उंचावर सेंट्रिंग बांधून रात्री ज्याचा डोळा लागत नाही, त्याला याहून स्वस्त औषध कोणते मिळते, हेही शेरा मारणाराने सांगावे.

वास्तविक, माणूस आतून खचू लागल्याचे प्रथम मुकादमाच्याच ध्यानात येते. अमका जेवत नाही, तमका घमेले पुढ्यात ठेवून नुसता बसून राहतो, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. परंतु उचलीची वहीही त्याच्याच हाती असल्यामुळे त्याच्यापाशी मन उघडे करणे म्हणजे सावकारापुढे आपली दुर्बलता कबूल करणे होय. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक २०२२ पासून चालू आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते; मात्र दहा जणांच्या खोलीत त्यासाठी आडोसा कोठला?

आपल्या क्वीन्सलंडात २००८ साली स्थापन झालेल्या ‘मेट्स इन कन्स्ट्रक्शन’ या संस्थेने खचलेल्या साथीदाराला आधार देण्यासाठी कामगारांतूनच काहींना शिकवून तयार केले आणि साथीदारांना ते ओळखू यावेत म्हणून त्यांच्या हेल्मेटवर खूणचिठ्ठी लावली. नाक्यावर सोबती रोज बदलतो, तेव्हा ही व्यवस्था तिकडे जशीच्या तशी रुजणार नाही. परंतु मोठ्या प्रकल्पांवर, जेथे माणसे वर्षवर्ष एकत्र राहतात, तेथे ज्याच्याकडे वही नाही असा एखादा जुना गवंडी या कामी सहज मिळेल. त्याच्या शिक्षणाचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्नही तितकासा बिकट नाही: १९९६ च्या कायद्यान्वये बांधकाम खर्चावर किमान एक टक्का उपकर कामगार कल्याणासाठीच घेतला जाऊ लागला, आणि आपल्या सदनिकांच्या किमतीत तो आपण भरलेलाच आहे.