मुलांचा मराठी वर्ग कोणाच्या जागेत?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जुने महाराष्ट्र सदन, कोपर्निकस मार्ग, नवी दिल्ली येथे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवात गतकाळाचे गोडवे गावेत असा संकेत आहे. ते काम माझ्याहून अधिकारी मंडळींनी सकाळच्या सत्रात केले. कार्यकारिणीने माझ्याकडे सोपविलेला विषय रुक्ष आहे. २०२० च्या महासाथीपासून आपला रविवारचा बालवर्ग संगणकाच्या पडद्यावर भरतो. त्याला कायमचे घर कोणते द्यावे? इंग्रजीत अशा घराला ‘प्लॅटफॉर्म’ म्हणतात. मराठीत त्या शब्दाचे दोन अर्थ होतात, व्यासपीठ आणि फलाट. आजवर आपण फलाटावरच आहोत, असे माझे मत आहे.

या सदनातून बाहेर पडून मंडी हाउसच्या चौकाकडे गेले की दूरदर्शन भवन लागते. दूरदर्शनच्या इतिहासात या प्रश्नाचा एक धडा आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे शाळकरी मुलांसाठी आणि शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम पोहोचले. उपग्रह मात्र अमेरिकेच्या ‘नासा’चा, एका वर्षाच्या बोलीने मिळालेला. वर्ष सरले आणि तो माघारी नेण्यात आला. आपला इन्सॅट-१बी अवकाशात जायला १९८३ साल उजाडले. प्रयोग फसला असे मुळीच नव्हे. त्यातून आपले तंत्रज्ञ पुष्कळ शिकले. परंतु एखाद्या खेड्यातील चौथीच्या मुलाच्या बाजूने पाहिले, तर मधल्या वर्षांत त्याचे शालेय वय उलटून गेले.

संगणकावरील जागांची कथा याहून निराळी नाही. ‘निंग’वर जगभरच्या शिक्षकांनी आपापली मंडळे थाटली, २०१० मध्ये तेथील फुकट सोय बंद झाली. ‘ऑर्कुट’ ३० सप्टेंबर २०१४ रोजी मिटले, ‘याहू ग्रुप्स’ डिसेंबर २०२० मध्ये. केवळ शाळांसाठी निघालेले ‘एडमोडो’देखील सप्टेंबर २०२२ मध्ये बंद पडले. घरमालकाने घर पाडले, तर भाडेकरूने भिंतीवर लिहिलेले धडे कुठे शोधावेत?

आता आपल्या मुलांकडे वळू. अमेरिकेतील मराठी मुलाला देवनागरीच मुळापासून शिकवावी लागते. दिल्लीचे मूल हिंदीमुळे लिपी लीलया वाचते, आणि येथेच आपली फसगत होते. ‘माझी पुस्तक’ हे त्याला शुद्ध वाटते, कारण हिंदीला नपुंसकलिंग ठाऊक नाही. ‘काळ’ आणि ‘काल’ त्याच्या तोंडी एकच होतात. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’ निराळा, ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा यांतील ‘ज’ निराळा. पण लिपी हा भेद दाखवीत नाही. तो कानानेच शिकावा लागतो. म्हणून केवळ लेखी देवाणघेवाणीची जागा, ती कितीही स्वस्त असो, आपल्या कामाची नाही. मुलाने वाचलेला उतारा त्याच्याच आवाजात साठविता यावा, आजीला तो ऐकून दुरुस्ती सांगता यावी आणि वर्षभराने मुलालाही तो पुन्हा ऐकता यावा. व्हॉट्सॲपच्या गटात हे सगळे शुभेच्छांच्या फुलांखाली गाडले जाते. (हसू नका, मी स्वतः शोधून पाहिले आहे.) शासनाचे २०१७ चे ‘दीक्षा’ पाठ्यपुस्तकांसाठी उत्तम ग्रंथालय आहे, त्याचा उपयोग अवश्य करावा, पण ग्रंथालयात गप्पा रंगत नाहीत.

सुरक्षिततेविषयी थोडेच बोलतो. १६ एप्रिल २०२० रोजी गृह मंत्रालयाने ‘झूम’विषयी सूचना काढल्या, त्या खाजगी वापरासाठीही शहाणपणाच्या आहेत : प्रत्येक बैठकीला नवा परवलीचा शब्द, प्रवेशापूर्वी प्रतीक्षाकक्ष आणि सर्व आल्यावर दाराला कुलूप. शिवाय २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानून पालकांच्या संमतीची अट घातली आहे. मुलांचे आवाज साठवायचे तर ती संमती लेखी घेतलेली बरी.

माझी सूचना अशी. प्रत्यक्ष वर्ग भाड्याच्या जागेत भरू दे. ती उद्या बदलली तरी बिघडत नाही. धडे, ध्वनिमुद्रणे आणि गृहपाठ मात्र मंडळाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावेत. त्यासाठी २००२ पासून चालत आलेली ‘मूडल’ ही मुक्त प्रणाली योग्य वाटते. तिला परवाना-शुल्क नाही आणि सर्व साठा उचलून दुसरीकडे नेता येतो. सर्व्हरचे भाडे मात्र दरसाल भरावे लागेल, आणि कोणाला तरी रात्री बसून तिची देखभाल करावी लागेल. हे फुकटात होईल असे सांगून मी आपली दिशाभूल करणार नाही.

संकेतस्थळाची नोंदणी मंडळाच्या नावे हवी, कोणा चिटणीसाच्या खाजगी पत्त्यावर नको. आमच्यासारख्यांच्या बदल्या होतात, सेवानिवृत्तीनंतर माणसे पुण्याला जातात. किल्ल्या दोघांकडे असाव्यात, पैकी एक पंचविशीच्या आतला. पुढील कार्यकारिणीपुढे हा ठराव येईल. तोवर ज्या आजीआजोबांना आठवड्यातून अर्धा तास मुलांचे वाचन ऐकण्याची तयारी आहे, त्यांच्यासाठी दाराशी एक वही ठेवली आहे. कोल्हापूरचा हेल असो वा नागपूरचा, दोन्ही चालतील.