पहिल्या महिन्याची वही

मागच्या वेळी आपण शेळ्यांच्या विम्याबद्दल बोललो. आज तान्ह्या बाळांबद्दल बोलायचंय. हा विषय का घेतला, ते आधी सांगतो.

गेल्या श्रावणात आमच्या गटातल्या एका ताईची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळंतपण दवाखान्यात नीट झालं, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. बाळ जरा बारीक होतं. सातव्या दिवशी आशाताई आली, तर तिला उंबऱ्यातूनच परत पाठवलं. घरात सोयर आहे, बाळ आत्ताच झोपलंय, नंतर ये. नवव्या दिवशी संध्याकाळी बाळानं अंगावर पिणं सोडलं. सगळे म्हणाले, दृष्ट लागली, उतरून टाका, सकाळी बघू. सकाळी दवाखान्याच्या वाटेवर ते बाळ गेलं.

आम्ही सगळ्या भेटायला गेलो, रडलो. पण मार्चमध्ये हिशेब जुळवताना वही उघडली, तर त्या ताईच्या नावापुढे दोन बैठका ‘गैरहजर’ आणि वीस रुपये दंड. त्या महिन्याची आमच्या वहीतली नोंद एवढीच. दंड आम्ही माफ केला, पण ती ओळ डोळ्यांसमोरून जात नाही.

त्यानंतर एका प्रशिक्षणात आम्हाला गडचिरोलीची हकीकत ऐकायला मिळाली. गडचिरोली आपल्यापासून लांब, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. जंगल, गोंड आदिवासी वस्ती, पावसाळ्यात नद्या भरल्या की वाटा बंद. १९८६ साली डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग तिथे गेले आणि त्यांनी ‘सर्च’ नावाची संस्था काढली. गंमत अशी की दोघंही लहान मुलांचे डॉक्टर नाहीत. राणीताई बायकांच्या डॉक्टर, अभयभाऊ मोठ्या माणसांचे.

लोक दवाखान्यात का येत नाहीत, असं त्यांनी लोकांनाच विचारलं. लोक म्हणाले, तिथे पांढरे कपडे घालून फिरतात, आम्ही पांढरं कापड मड्याला गुंडाळतो. तिथे आमचा देवही नाही. मग दवाखाना लोकांच्या झोपड्यांसारखा बांधला आणि त्याला देवीचं नाव दिलं, माँ दंतेश्वरी दवाखाना.

तरी तान्हं मूल काही दवाखान्यात येईना. तेव्हा त्या भागात शंभरातली पंचाण्णव बाळंतपणं घरीच होत. म्हणून त्यांनी औषधच गावात न्यायचं ठरवलं. पहिली लढाई न्यूमोनियाशी होती. आपल्याकडे ‘डबा झाला’, ‘पोट उडतंय’ म्हणतात, तोच. न्यूमोनियात बाळाचा श्वास फार जलद होतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा मिनिटाला साठ किंवा जास्त, त्याहून मोठ्याचा पन्नास किंवा जास्त. पण दाईला पन्नासपर्यंत मोजता येत नसेल तर? त्यांनी मण्यांची एक पाटी केली आणि तिच्याबरोबर एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ दिलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया, औषध सुरू. मोजायचं फक्त दहापर्यंत, आणि तेवढं आपल्या बोटांवरही येतं. गावातल्या आरोग्यसेवकांनी आणि दायांनी केलेल्या या उपचारानं न्यूमोनियाचे बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९० साली ते ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या डॉक्टरी साप्ताहिकात छापून आलं.

पण जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातली बाळं जातच होती. त्यांनी ३९ गावांत प्रत्येकी एक बाई निवडली. शिक्षण पाचवी ते दहावी. पुढे या बायकांना आरोग्यदूत हे नाव पडलं. १९९५-९६ चं वर्ष प्रामुख्यानं बाळं बघण्यात आणि नोंदी लिहिण्यात गेलं. घरोघर जाऊन ७६३ बाळं पाहिली. त्यातल्या निम्म्याहून जास्त बाळांना औषधोपचाराची गरज होती, आणि तो मिळाला शंभरात तिघांनाही नाही. त्या वर्षाआधी हे कुणाला दिसलंच नव्हतं, कारण सव्वा महिना बाळ अंधाऱ्या खोलीत आणि त्याची कुठेच नोंद नाही.

मग त्या बायकांना शिकवलं. बाळाला उबेत कसं ठेवायचं, वजन कसं करायचं, जन्मल्यावर रडलं नाही तर मुखवट्यानं श्वास कसा द्यायचा. आणि जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शनसुद्धा. सातवी-आठवी शिकलेली बाई तान्ह्या बाळाला सुई टोचणार, हे ऐकून कोण घाबरणार नाही? आम्हीही घाबरलो असतो. पण शिक्षण पक्कं होतं, वर देखरेख होती, आणि दवाखान्यात न्या म्हटलं तर बहुतेक घरं नेत नव्हती. सुरुवातीला त्या गावांत हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात जात होती. १९९७-९८ मध्ये तो आकडा २५ च्या आसपास आला. हे काम जिथे नव्हतं अशी ४७ गावं तुलनेला घेतली होती, तिथे तो साठाच्या जवळच राहिला.

आज आपल्या दारात आशाताई येते ना, तिची मुळं तिकडे आहेत. २०११ पासून सरकारनं देशभर नवजात बाळाच्या घरभेटी सुरू केल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. आशाताईचं मुख्य काम म्हणजे धोका ओळखणं आणि वेळेत पुढे पाठवणं. ‘नुसता काटा घेऊन फिरते’ असं आपणच म्हणत असू. काही ठिकाणी भेटी कागदावरच होतात, हेही ऐकतो. पण आपण दारातून परत पाठवलं तर तिनं लिहायचं तरी काय?

आता जवळ पेन असेल तर घ्या. बाळ आधी नीट पीत होतं आणि आता पीत नाही. रडणं बारीक झालं किंवा थांबलं. अंग ढिलं पडलं. हाताला गार लागतं किंवा तापलंय. पोट फुगलंय, उलट्या होताहेत. श्वास साठाच्या वर, छाती आत ओढली जातेय. बेंबीतून पू येतोय. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. आशाताईला बोलवा, १०८ किंवा १०२ लावा, बाळाला आईच्या अंगाशी धरून न्या. दृष्ट काढायचीच असेल तर गाडी येईपर्यंत काढा, आमची हरकत नाही.

आमच्या गटानं वहीची शेवटची चार पानं वेगळी ठेवलीत. गावातली बाळंतीण, बाळाची जन्मतारीख, वजन, आणि पुढे सहा चौकोन. आशाताई येऊन गेली की चौकोनात बरोबरची खूण. चौकोन रिकामा राहिला तर गटातल्या दोघी त्या घरी जातात, सोयर असो वा नसो. सध्या तीन बाळं वहीत आहेत. त्यातल्या एकाचं वजन १ किलो ९०० ग्रॅम आहे, आणि उद्या त्याचा चौदावा दिवस.