घरचे गव्हाचे बियाणे जपा



निफाडच्या कृषी संशोधन केंद्राचे सुधारित गहू अवश्य पेरा. पण घरचा बन्सी किंवा खपली मोडीत काढू नका. 1922 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी खोडावरील तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी 12 गहू निवडले, त्यांत आपला खपली होता. त्याची रोगप्रतिकारक जनुके पुढे इतर गव्हांत आणली गेली. तांबेरा रूप बदलतो, तेव्हा असे गुण जुन्या वाणांतही शोधावे लागतात. बियाणे गेले की गुणही गेला.

यंदा दोन वाफे देशी गहू पेरा. कापणीपूर्वी भेसळीची झाडे उपटा, निवडक ओंब्या वेगळ्या मळून, वाळवून ठेवा. वडीलधाऱ्यांना त्याचे गुण विचारून वहीत लिहा. 2001 च्या कायद्यानुसार शेतकऱ्यालाही आपला वाण नोंदवता येतो.