कुस्ती, ज्युडो की दोन्ही?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील पालकमेळाव्यात केलेले भाषण)



बोलायची आम्हाला सवय नाही. लहानपणी आम्ही दोघे भाऊ याच उत्सवात मल्लखांब करायला यायचो, भाषणं दुसरे करायचे. पण वर्षभरात मंडळातल्या बऱ्याच पालकांनी एकच प्रश्न विचारला. मूल एक खेळ शिकतंय, आता दुसऱ्या क्लासलाही जायचं म्हणतंय, तर घालावं का? हाच प्रश्न आमच्या घरात गेल्या हिवाळ्यापासून गाजतो आहे. तेव्हा घरातलीच हकीकत सांगतो.

आमची मुलगी नववीत आहे. चार वर्षं ज्युडो करते. हिवाळ्यातल्या एका स्पर्धेत लढत अटीतटीची चालली होती. दोन शिदो, म्हणजे पंचांच्या दोन ताकिदी, तिला आधीच मिळाल्या होत्या. शेवटच्या मिनिटात ती खाली वाकली आणि समोरच्या मुलीचा पाय दोन्ही हातांनी धरला. तिसरा शिदो, लढत संपली. ज्युडोत उभ्याने पाय धरायला आता बंदी आहे. २०१० साली निर्बंध आले आणि २०१३ पासून ते पूर्णच बंद झालं. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण दिवाळीच्या सुट्टीत तिच्या काकाने गच्चीवर गादी टाकून तिला एकेरी पट शिकवला होता, आणि आम्ही कौतुकाने बघत उभे होतो. दोष आमचाच. घरी येताना स्कूटरवर ती एक शब्द बोलली नाही. रात्री जेवताना म्हणाली, "बाबा, अर्धवट शिकवू नका. मला कुस्ती नीट शिकायची आहे. आखाड्यात पाठवा."

आता आम्ही नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? कारण आम्ही दोघांनीही हेच केलं होतं. पॉलिटेक्निकला सिव्हिलचा डिप्लोमा करत असताना सकाळी आखाडा आणि संध्याकाळी ज्युडो. हौस दांडगी. पण झालं काय ते ऐका. कुस्तीत पाठ लागली की संपलं, म्हणून मातीतला गडी संकटात पालथा पडतो आणि जमीन धरून ठेवतो. वरच्याने काय ते उलटवून दाखवावं. धाकट्याने ज्युडोच्या लढतीत नेमकं तेच केलं. पालथा पडला, निश्चिंत झाला, आणि समोरच्याने मागून त्याच्याच जॅकेटची कॉलर त्याच्या गळ्याभोवती आवळली. हात आपटून शरण यावं लागलं. दुसरी गंमत याच्या उलट. ज्युडोत पहिले काही महिने नुसतं पडायला शिकवतात. पाठीवर पडायचं आणि हात जमिनीवर चापटायचा, म्हणजे मार विभागला जातो. एका जत्रेतल्या कुस्तीत आम्ही असेच झकास पाठीवर पडलो आणि मातीत हात आपटला. वस्ताद वरून ओरडले, "अरे, चीत होऊन टाळ्या कसल्या वाजवतोस?" सगळी जत्रा हसली. दोन वर्षांत ना कुस्तीत नाव झालं, ना ज्युडोत पट्टा पुढे सरकला. एक ना धड भाराभर चिंध्या, दुसरं काय!

यावर आमचे एक काका नेहमी म्हणतात, आपल्या बडोद्यात तर सगळं एकत्रच शिकवत. खरं आहे. प्रो. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात कुस्ती होती, मल्लखांब होता, लाठी होती, शिवाय मोडलेलं हाड बसवायची विद्याही होती. मुजुमदारांच्या व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड इथूनच निघाले, त्यांत किती प्रकार आहेत ते बघावं. पण मल्लखांब ही कुस्तीची पूरक मेहनत आहे. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तो रुजवला तो पैलवानांसाठीच. खांब तुम्हाला उलटा डाव टाकत नाही. तो पकड देतो, चपळाई देतो, आणि कुस्तीतली एकही सवय मोडत नाही. ज्युडो आणि कुस्तीत समोर माणूस असतो. तिथे विचार करायला वेळ नसतो, अंगच उत्तर देतं. दोन कलांनी अंगाला दोन वेगळी उत्तरं शिकवली की ऐन वेळी चुकीचं बाहेर येतं. मातीतून गादीवर जाणं ही तर एकाच कुस्तीतली गोष्ट, तरी तीसुद्धा एका दिवसात अंगवळणी पडत नाही. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनमध्ये सहावे आले, ब्राँझ मिळालं ते १९५२ ला हेलसिंकीत.

मग दुसरी कला शिकूच नये का? तसंही नाही. ज्युडो ज्यांनी काढला ते जिगोरो कानो स्वतः जुजुत्सूच्या दोन घराण्यांत शिकले होते. पण पहिल्या घराण्यात काही वर्षं काढल्यावरच ते दुसऱ्याकडे गेले, आणि १८८२ मध्ये स्वतःची शाळा सुरू केली. शिवाय कुस्तीकडून ज्युडोवाल्याला घेण्यासारखं पुष्कळ आहे. जॅकेट नसलं की पकडायला कॉलर नाही, बाही नाही. मनगट, मान, बगल यांवरच सगळा खेळ, त्यामुळे अंगाला अंग भिडवून तोल ओळखायची सवय लागते. धोबीपछाड तर ज्युडोच्या सेओई नागेचा सख्खा भाऊ शोभेल. आणि खाली गेल्यावर वरून दाब कसा ठेवायचा, ते आखाड्याइतकं कुठे शिकायला मिळत नाही. ज्युडोत वीस सेकंद दाबून धरलं की पूर्ण गुण, तेव्हा ही कमाई थेट कामाला येते.

आमच्यासारख्या सरकारी माणसाला अंदाजपत्रकाशिवाय काही सुचत नाही. म्हणून एका रविवारी कागद घेऊन आम्ही सगळे बसलो. ज्युडो आठवड्यात पाच दिवस, दीड दीड तास, म्हणजे साडेसात तास. आखाड्याच्या तीन सकाळी धरल्या तर आणखी साडेचार. बारा तास नुसते सरावाचे, जाणं-येणं वेगळं. पुढच्या वर्षी दहावी. हिची आई म्हणाली, "झोप कुठे लिहिलीय?" ती कुठेच लिहिली नव्हती. खरं तर निम्मा निकाल तिथेच लागला.

उरलेला निम्मा मुलीने लावला. आम्ही विचारलं, यातलं एकच ठेवायचं झालं तर काय ठेवशील? क्षणभरही न थांबता म्हणाली, ज्युडो. मग कुस्ती कशाला हवी? तर म्हणाली, "खाली गेले की वरची पोर मला उठू देत नाही. तेवढं शिकायचंय." हे उत्तर नसतं, नुसतं मैत्रीण जाते म्हणून असतं, तर आम्ही पाठवलंच नसतं.

तिच्या सरांना आधी विचारलं. ते थोडे नाराज झाले, आणि ते साहजिकच आहे. आखाड्याच्या वस्तादांनाही स्पष्ट सांगितलं, पोर ज्युडोचीच आहे. ते म्हणाले, "असू दे. जोर-बैठका कुणाच्याही असल्या तरी त्याच." ठरलं ते असं: फक्त रविवार सकाळ, फक्त खालची कुस्ती, पट काढणं अजिबात नाही, आणि स्पर्धेच्या आधी सहा आठवडे आखाडा बंद.

चार महिने झाले. पहिल्या महिन्यात ती ज्युडोत उलट मागे पडली. पालथी पडून स्वस्थ राहायला लागली होती, थेट काकावर गेली! सरांनी दोन वेळा गळा आवळून ती सवय मोडली. आता खालून निसटायला मात्र जमतंय असं सरच म्हणतात. उपयोग किती झाला ते नवरात्रानंतरच्या स्पर्धेत कळेल.

त्या स्पर्धेसाठी तिने आम्हा दोघा भावांनाही एक अट घातली आहे. कडेला उभं राहून "पट काढ, पट काढ" म्हणून ओरडायचं नाही.