कायद्याच्या दोन गती



सरकार कायद्याचा अंमल उद्योगधंद्यांवर आणि सामान्य माणसावर सारख्याच न्यायाने करते काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. रस्त्यावरच्या फेरीवाल्याला हा प्रश्न विचारला, तर "मोठ्यांना कोण हात लावतो, साहेब?" असे उत्तर तो क्षणात देईल. कारखानदाराला विचारला, तर तोही तितक्याच तळमळीने सांगेल की, इन्स्पेक्टरांच्या फेऱ्यांनी आपण बेजार झालो आहोत आणि वाटेल तेथे पथारी पसरणाऱ्याला मात्र कोणी विचारीत नाही. दोघांचीही तक्रार प्रामाणिक असते. अशा वेळी दोन्ही बाजूंत थोडे थोडे तथ्य आहे असे म्हणून मोकळे होणे सरकारी नोकराच्या अंगवळणी पडलेले असते. मला तसे मोकळे होता येत नाही. माझ्या मते फेरीवाल्याचे म्हणणे अधिक खरे आहे. मात्र तो जे कारण समजतो, ते कारण पुरे नाही.

तो समजतो की, सारा प्रकार लाचेचा आहे. लाच आहेच, ती नाही असे कोण म्हणेल? परंतु उद्या सारे अधिकारी धुतल्या तांदळासारखे झाले, तरीही ही विषमता पुष्कळशी शिल्लक राहील. कारण तिचा उगम केवळ अंमलदाराच्या नियतीत नाही, तर कायद्याने घालून दिलेल्या क्रमात आहे. लहान माणसाच्या बाबतीत आधी शिक्षा होते आणि सुनावणी झालीच तर मागाहून होते. मोठ्याच्या बाबतीत आधी सुनावणी होते, ती पुष्कळ वर्षे चालते, आणि शिक्षा तिच्या मागून जमेल तशी येते. आपल्या राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदात दोन आश्वासने आहेत: कायद्यापुढील समानता, आणि कायद्याचे समान संरक्षण. आपण पहिल्याविषयी फार बोलतो. दुसऱ्याचा विचार क्वचित करतो.

मुंबई महानगरपालिकेचा १८८८चा कायदा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्याच्या ३५१व्या कलमानुसार कोणी बेकायदा इमारत बांधू लागला, तर आयुक्ताने त्याला लेखी नोटीस द्यावयाची आणि हे बांधकाम का पाडू नये याचे कारण दाखविण्याची संधी द्यावयाची. त्याच कायद्याचे ३१४वे कलम रस्त्यावरील अडथळ्यांविषयी आहे. रस्त्यावर मांडलेले दुकान, बाकडे, पेटी, विक्रीला ठेवलेला माल आयुक्ताला 'नोटिशीवाचून' हलविता येतो. कायदा एकच, शहर एकच, आयुक्तही एकच. विटांच्या भिंतीला नोटीस मिळते, भाजीच्या टोपलीला मिळत नाही. हा भेद करणाऱ्या इंग्रजांच्या मनात द्वेष होता असे मला वाटत नाही. रस्ता मोकळा ठेवावयाचा, तर तातडी हवी, आणि टोपली उचलल्याने कायमचे नुकसान होत नाही, असा त्यांचा हिशेब असावा. इमारतीच्या मालकाच्या दृष्टीने तो हिशेब बरोबर आहे. ज्याचे सारे भांडवल त्या टोपलीत आहे, त्याच्या दृष्टीने तो साफ चुकीचा आहे.

या ३१४व्या कलमाची परीक्षा सर्वोच्च न्यायालयात झाली. १९८१ साली मुंबईतील पदपथांवर राहणाऱ्यांना हुसकावून शहराबाहेर पाठविण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला, आणि त्यातून ऑल्गा टेलिस यांचा प्रसिद्ध खटला उभा राहिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी १० जुलै १९८५ रोजी दिलेल्या निकालात, उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगितले. नोटिशीवाचून हटविण्याचा अधिकार आयुक्ताला आहे, पण तो अपवाद म्हणून वापरावयाचा. ऐकून घेणे हाच नियम, असा अर्थ न्यायालयाने त्या कलमाला दिला. या निकालाचा गौरव आपण करतो आणि तो योग्यच आहे. परंतु निकालाच्या शेवटच्या भागाचे स्मरण आपल्याला फारसे राहत नाही. त्या लोकांना पदपथावर राहण्याचा हक्क मिळाला नाही. पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत त्यांना हटवू नये, एवढाच दिलासा मिळाला. तत्त्व विजयी झाले आणि पक्षकारांच्या पदरात पडला तो पावसाळ्यापुरता आसरा.

फेरीवाल्यांसाठी म्हणून संसदेने २०१४ साली स्वतंत्र कायदा केला. तो १ मे २०१४ पासून अमलात आला. त्यातील तरतुदी मोठ्या विचारपूर्वक केलेल्या आहेत. फेरीवाल्यांची पाहणी होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही उठवावयाचे नाही; उठवावयाचे झाल्यास तीस दिवसांची नोटीस द्यावयाची; माल जप्त केल्यास त्याची यादी करून सहीनिशी प्रत द्यावयाची. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत करावयाचा आणि इतर माल दोन कामाच्या दिवसांत. ही शेवटची तरतूद ज्याने लिहिली, त्याने कोथिंबिरीची जुडी सायंकाळी कशी दिसते हे नक्की पाहिले असले पाहिजे. पण पाहणी हा साऱ्या संरक्षणाचा पाया. जेथे पाहणीच वर्षानुवर्षे रखडते, तेथे प्रमाणपत्र नाही. आणि ज्याच्याजवळ प्रमाणपत्र नाही, तो गाडी आली की पळतो. पळणाऱ्याला पावती कोण देणार?

आता विटांच्या भिंतीकडे वळू. मुंबईत वरळी येथील कॅम्पा कोला वसाहतीत १९८०च्या दशकात पाच मजल्यांची परवानगी असता त्याहून कितीतरी अधिक मजले चढविले गेले. ते पाडावेत यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१३च्या फेब्रुवारीत शिक्कामोर्तब केले, म्हणजे बांधकामानंतर सुमारे पाव शतकाने. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पाडापाडीसाठी पालिकेची माणसे दाराशी पोहोचली, तेव्हा रहिवाशांचा आकांत पाहून न्यायालयाने आपण होऊन ३१ मे २०१४ पर्यंत स्थगिती दिली. ती द्यावयास नको होती असे मी म्हणत नाही. त्या घरांतून राहणारी माणसे आयुष्याची पुंजी ओतून आलेली होती, आणि मूळ लबाडी करणारे बांधकामवाले केव्हाच बाजूला झाले होते. मला एवढेच दिसते की, घरे रिकामी करावयास महिने मिळाले, आणि असे महिने पदपथावरच्या झोपडीला देण्याची कल्पना आपल्या मनाला शिवतही नाही.

मोठ्यांना कायदा कधी लागतच नाही, असेही म्हणता येणार नाही. दिल्लीजवळ नोएडा येथील दोन मनोरे सर्वांना आठवत असतील. शेजारच्या रहिवाशांनी चिकाटीने तक्रार लावून धरली; अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१४च्या एप्रिलमध्ये मनोरे पाडण्याचा हुकूम दिला; सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तो कायम करून, बांधकामवाल्यांशी संगनमत करणाऱ्या अधिकाऱ्यांवरही खटले भरावेत असे बजावले; आणि २८ ऑगस्ट २०२२ रोजी सुमारे ३७०० किलो स्फोटकांनी ते मनोरे काही सेकंदांत जमीनदोस्त झाले. देशभर लोकांनी तो देखावा पाहिला व टाळ्या वाजविल्या. त्या काही सेकंदांच्या मागे आठ वर्षांहून अधिक काळाची सुनावणी होती. कायदा असाच चालावयास हवा. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. ती ज्याने रचली तो पायरीचा खर्च न परवडणारा शहाणा असावा. ज्याला परवडतो, त्याच्या दृष्टीने ती पायरी हीच सर्वांत सुरक्षित जागा आहे.

गेल्या काही वर्षांत निरनिराळ्या राज्यांत आरोपींची घरे बुलडोझर लावून पाडण्याचे प्रकार घडले. त्यावर न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती विश्वनाथन यांच्या पीठाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णय दिला. निदान पंधरा दिवसांची नोटीस, प्रत्यक्ष सुनावणी, कारणांसहित हुकूम, हुकुमानंतर पुन्हा पंधरा दिवसांची मुदत, आणि हे नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून भरपाई, असे दंडक त्यांनी घालून दिले. आम्हा अधिकाऱ्यांना हा निर्णय जड वाटला, तरी तो अत्यंत आवश्यक होता. परंतु त्यातही एक अपवाद आहे: रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी यांसारख्या सार्वजनिक जागांवरील अनधिकृत बांधकामांना हे दंडक लागू नाहीत. सार्वजनिक जागा मोकळ्या राहिल्या पाहिजेत, हे कोणीही मान्य करील. तथापि ज्याला स्वतःची जागा नाही, तो सार्वजनिक जागेवरच असणार. १८८८ साली जो नोटिशीच्या बाहेर होता, तोच २०२४ सालीही बाहेर राहिला.

येथवर मी जागेविषयी बोललो. अपराधाच्या क्षेत्रातही हेच आढळते. भोपाळचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, पण त्यातील तारखा पुन्हा एकवार ऐकाव्यात. १९८४च्या डिसेंबरात, २ व ३ तारखांमधील रात्री, युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. ७ डिसेंबरला कंपनीचे अमेरिकन अध्यक्ष वॉरेन अँडरसन भोपाळला आले असता त्यांना अटक झाली, त्याच दिवशी जामीन मिळाला, ते देशाबाहेर गेले, आणि २०१४ साली वारले तोपर्यंत भारतातील कोणत्याही न्यायालयापुढे उभे राहिले नाहीत. भारतीय अधिकाऱ्यांवरील सदोष मनुष्यवधाचा आरोप १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने उतरवून हयगयीने मृत्यू घडविण्याच्या कलमावर आणला; तेच ३०४-अ कलम, जे एरव्ही बेदरकारपणे गाडी हाकणाऱ्या ट्रकचालकाला लावीत असत. ७ जून २०१० रोजी त्या कलमाखालील कमाल शिक्षा, म्हणजे दोन वर्षांचा कारावास, त्यांना सुनावण्यात आली. जामीन त्याच दिवशी झाला. पंचवीस वर्षांहून अधिक काळ चाललेल्या खटल्याचा हा शेवट.

याच्या जोडीला आपल्याच राज्याचा एक कायदा ठेवावा: मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, १९५९. पुढे तो राजधानी दिल्लीलाही लागू करण्यात आला. भीक मागताना आढळणाऱ्याला पोलिसाने वॉरंटावाचून पकडावे, आणि पहिल्याच वेळी निदान एक वर्ष व जास्तीत जास्त तीन वर्षे संस्थेत डांबून ठेवावे, अशी त्याची योजना. पुनःपुन्हा सापडल्यास ही मुदत दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८च्या ऑगस्टमध्ये दिल्लीपुरत्या त्यातील भिक्षेला गुन्हा ठरविणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. तोपर्यंत जवळजवळ सहा दशके, हात पसरणे हा भोपाळपेक्षा अधिक मुदतीचा अपराध होता.

कंपनीविषयी कायद्याची एक मूळचीच अडचण आहे. तिला देह नाही. तिला तुरुंगात टाकता येत नाही. जेथे कारावास सक्तीचा आहे, तेथे कंपनीवर खटलाच भरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली म्हटले होते. म्हणजे अपराध जितका गंभीर, तितकी कंपनी सुरक्षित! सुदैवाने २००५ साली पाच न्यायाधीशांच्या पीठाने, तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने, हे मत रद्द केले आणि कारावास शक्य नसल्यास निदान दंड करता येईल असा मार्ग काढला. आता प्रवाह पुन्हा उलटा वळला आहे. २०२३च्या जनविश्वास कायद्याने ४२ केंद्रीय कायद्यांतील १८३ तरतुदी सौम्य केल्या. पर्यावरण संरक्षण कायद्याचा भंग केल्यास पूर्वी पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकत असे. त्या जागी मुख्यतः दहा हजारांपासून पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड आला. क्षुल्लक चुकीसाठी दुकानदाराला तुरुंगाची भीती घालणे मूर्खपणाचे होते, आणि त्या भीतीवर खालच्या अंमलदारांचे हात ओले होत असत, हे मला मान्य आहे. परंतु दंडाची रक्कम ज्याच्या जमाखर्चात एक किरकोळ बाब म्हणून मावते, त्याला दंड म्हणजे परवान्याची फी वाटते.

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी काम करीत असताना दोन कागदपत्रे लागोपाठ माझ्यासमोर आली होती. एक होती नाल्यात सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याची फाइल: नोटीस, उत्तर, मुदतवाढ, पुन्हा पाहणी, प्रयोगशाळेचा अहवाल, त्यावर आक्षेप, सरकारी वकिलांचा अभिप्राय, बँक हमी. दुसरे होते जप्त हातगाड्यांचे रजिस्टर. एका गाडीला एक ओळ: तारीख, ठिकाण, माल, दंड वसूल. फाइल हाताळणारे लोक अप्रामाणिक नव्हते. अपिलात आपला हुकूम टिकला पाहिजे म्हणून ते प्रत्येक पाऊल जपून टाकीत होते. रजिस्टर लिहिणाऱ्याला अपिलाची भीतीच नव्हती. सरकारी माणूस सावध होतो तो समोरच्याच्या वकिलामुळे, हे यातील गुपित आहे. शिवाय महिनाअखेरीस वर पाठवावयाच्या तक्त्यात 'प्रकरणांची संख्या' असा रकाना असतो. तेथे कारखान्याचे एक प्रकरण आणि हातगाडीचे एक प्रकरण यांची किंमत सारखीच, आणि त्यांपैकी कोणते अर्ध्या तासात पुरे होते हे प्रत्येक कारकून जाणतो.

आपल्याकडे न्यायाची गोष्ट निघाली की रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव येते. प्रत्यक्ष राघोबादादांना दोषी ठरविणारा न्यायाधीश आपल्याला भूषणावह वाटतो. पण त्याच काळी आठवड्याच्या बाजारात एखाद्या माळणीची टोपली कोणी कशी उचलली, याची बखर कोणी लिहिली नाही.

करावयाच्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. मासिक तक्त्यातील तो रकाना बदलून, प्रकरण किती दिवस चालले आणि किती रकमेचे होते, हे त्यात विचारावे. ज्या बड्या प्रकरणांत हुकूम होऊन अंमल झालेला नाही, त्यांची यादी नगरपालिकेच्या व जिल्हा कचेरीच्या फलकावर दर तिमाहीस लावावी. अतिक्रमणाच्या गाडीबरोबर छापील पावतीपुस्तक असल्याशिवाय ती गोदामातून बाहेर पडू देऊ नये, आणि पावतीवर माल परत मागण्याची जागा व वेळ मराठीत, हिंदीत किंवा त्या त्या प्रांताच्या भाषेत लिहिलेली असावी. यांपैकी कशालाही नवा कायदा लागत नाही. शेवटच्या गोष्टीला तर २०१४च्या कायद्याचा आधार आधीच आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली, जेथे कोठे आपण हे भाषण ऐकत असाल, तेथे पुढच्या खेपेस अशी गाडी बाजारात उभी राहील, तेव्हा ज्याचा माल उचलला त्याच्या हाती ती पावती पडते की नाही, एवढे आपल्याला कडेला उभे राहून पाहता येईल.