गिरणगावातील नवे इमले

श्रोतेहो, मुंबईतील परळ, लालबाग, वरळी, नायगाव या भागाला गिरणगाव म्हणतात, हे तुमच्यापैकी पुष्कळांना सांगायला नको. कोकणातल्या किंवा साताऱ्या-कोल्हापुराकडच्या गावात चार घरे फिरलात, तर त्यातल्या एखाद्या घरचा माणूस तरी या भागात राहून गेलेला निघतो. कुणाचे आजोबा साचेखात्यात होते, कुणाचे मामा जॉबर होते. गावाच्या मंडळाने घेतलेली एक खोली असे आणि तीत दहा-पंधरा माणसे पाळीपाळीने निजत. दिवसपाळीवाला कामावर गेला, की रात्रपाळीवाला त्याच जागेवर पथारी टाकी. जेवण खानावळीत, पगार झाला की मनिऑर्डर गावाला. तेव्हा आज मी ज्या वस्तीविषयी बोलणार आहे ती मुंबईची असली, तरी तिचे अर्धे मूळ तुमच्या गावात आहे.

मी परळला राहणारा एक साधा रहिवासी आहे. इमारतींचे शास्त्र मी शिकलेलो नाही. पण माझ्या गॅलरीतून पूर्वी गिरण्यांची धुराडी दिसत. आता तिथे चाळीस-चाळीस, साठ-साठ मजल्यांचे मनोरे दिसतात. रोज ज्या रस्त्याने चालायचे, त्या रस्त्याविषयी माणसाचे काही मत तयार होतेच. तेच तुमच्यापुढे ठेवतो.

आधी थोडा इतिहास. मुंबईत कापडाची पहिली गिरणी 1856 साली ताडदेवला सुरू झाली. पुढे शंभर-सव्वाशे वर्षे हे शहर गिरणीच्या भोंग्यावर उठले आणि झोपले. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही; गिरण्या मात्र एकेक करून थंड पडल्या. मागे उरली जमीन. 58 गिरण्यांची मिळून सुमारे 600 एकर जमीन, तीही शहराच्या ऐन मध्यावर! तुमच्याकडे 600 एकर म्हणजे एखाद्या लहान गावचा शिवार होईल. मुंबईत जिथे हाताच्या फुटाने जागा मोजतात, तिथे एवढी जमीन एकदम मोकळी होणे हा योग कोणत्याही शहराला पुन्हा पुन्हा येत नाही.

या जमिनीचे काय करायचे, याचा नियम 1991 साली झाला. ढोबळ मानाने सांगायचे तर जमिनीचे तीन वाटे करायचे. एक वाटा बागा-मैदानांसाठी महापालिकेला, दुसरा सर्वसामान्यांच्या घरांसाठी म्हाडाला आणि तिसरा गिरणीमालकाला. वाटणी कशी, तर भावाभावांत होते तशी. चार्ल्स कोरिया या नामवंत वास्तुशिल्पज्ञांच्या अध्यक्षतेखाली सरकारने 1996 साली एक अभ्यासगटही नेमला. त्याचे सांगणे असे, की प्रत्येक गिरणी सुटी सुटी धरू नका. सगळ्या जमिनीचा एकत्र आराखडा करा, म्हणजे रस्ते, मैदाने, स्टेशने यांचा मेळ बसेल.

पण 2001 साली नियमात एक बदल झाला. वाटणी सगळ्या जमिनीची करायची नाही, फक्त मोकळ्या जमिनीची करायची, असे ठरले. ऐकायला फरक लहान वाटतो. शिक्षक मंडळींनी हे गणित वर्गात फळ्यावर मांडून पाहावे. समजा, एका गिरणीची जमीन 15 एकर आहे. त्यातल्या 12 एकरांवर शेड उभ्या आहेत आणि 3 एकर जागा मोकळी आहे. पहिल्या नियमाने प्रत्येकाला 5 एकर. दुसऱ्या नियमाने फक्त त्या 3 एकरांची वाटणी. म्हणजे महापालिकेला 1, म्हाडाला 1, आणि मालकाकडे उरलेले 13. आता गिरणी म्हणजे बहुतेक सगळी शेडच असते, हे काय सांगायला हवे? काही नागरिक कोर्टात गेले. 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि बदललेला नियम कायम झाला. एका शब्दाने शेकडो एकरांचे भवितव्य ठरले. मुलांना व्याकरण शिकवताना हे उदाहरण जरूर सांगावे; विशेषणाला किती किंमत असते ते त्यांना कळेल.

यानंतर प्रत्येक गिरणीच्या कंपाउंडात स्वतंत्र बांधकाम झाले. एकीकडे कचेऱ्या, एकीकडे मॉल, एकीकडे श्रीमंतांचे मनोरे. उंच इमारतीला माझा विरोध नाही, हे इथेच सांगून टाकतो. जमीन थोडी आणि माणसे फार, तिथे वर चढण्याशिवाय इलाज नाही. माझी तक्रार आहे ती इमारतीच्या तळाविषयी. चाळिसावा मजला तिथे राहणाऱ्यांनी पाहावा. तळमजला मात्र साऱ्या गावाचा असतो.

जुन्या गिरणगावातला रस्ता आठवा. चाळीच्या तळाला वाण्याचे दुकान, पिठाची गिरणी, न्हावी, खानावळ, व्यायामशाळा. वरच्या मजल्यावर गॅलरी आणि गॅलरीत माणसे. रात्री दहा वाजता एखादी नर्स ड्यूटीवरून परतली, तर रस्त्यावर दहा डोळ्यांची तिला सोबत असे. आता नव्या मनोऱ्याजवळून चाला. खालचे पाच-सात मजले निव्वळ मोटारी ठेवण्यासाठी बांधलेले असतात. त्यांची पाठ रस्त्याकडे. म्हणजे चालणाऱ्याच्या एका हाताला शंभर-दोनशे पावले नुसती भिंत, दुसऱ्या हाताला धावणाऱ्या गाड्या, आणि मधे असला तर हातभर फूटपाथ. ना दुकान, ना ओटा, ना झाड. मागितले तर घोटभर पाणी देईल असे दार नाही. लाखो रुपयांचा संगमरवर आतल्या बाजूला लावलेला आहे. बाहेर मात्र म्हातारा माणूस फूटपाथ संपला म्हणून रस्त्यात उतरतो.

आणि हे केवळ सोयीचे प्रश्न आहेत असे समजू नका. गिरणी कामगार गिरणीच्या जवळच राहत आणि पायी कामाला जात. त्यामुळे इथल्या स्टेशनांचे जिने, पूल बेताचेच होते. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, तशी माणसे विरारहून, कल्याणहून, पनवेलहून लोकलने येऊ लागली. इमारती दहापट वाढल्या, जिना तेवढाच राहिला. 29 सप्टेंबर 2017 रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी कचेरीच्या वेळेला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली. पाऊस आला म्हणून माणसे पुलावर थांबून राहिली, आणि गाड्यांमागून गाड्या येत राहिल्या. 23 माणसे गेली. कुणाच्या हातात दसऱ्याची फुले होती, कुणाच्या खांद्याला जेवणाचा डबा. पुढे लष्कराच्या जवानांनी तिथे नवा पूल उभारला. 27 फेब्रुवारी 2018 रोजी तो खुला झाला. म्हणजे इच्छा असली, तर पाच महिन्यांत पूल होतो. मग आधीची पंधरा वर्षे, जेव्हा रोज एक नवा मनोरा मंजूर होत होता, तेव्हा त्याच कागदावर "या माणसांचा जिना कुठे?" हा प्रश्न का लिहिला गेला नाही? कोरिया समितीने एकत्र आराखडा मागितला होता तो याचसाठी.

आता दुसरी बाजू. चाळ पाडू नये, चाळीतच खरी माणुसकी होती, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यातले बहुतेक स्वतः चाळीत राहत नाहीत. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बी. डी. डी. चाळी 1920 नंतरच्या दशकात सरकारने बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत 80 खोल्या, एक खोली 160 चौरस फुटांची. संडास सामायिक. पहाटे रांगेत उभ्या असलेल्या गरोदर बाईला, पावसाळ्यात जिना उतरणाऱ्या सत्तरीच्या आजीला विचारा, की जुन्या चाळीची गोडी काय! त्या जागी आता सरकारी योजनेत 500 चौरस फुटांचे घर मिळते, स्वतःच्या संडास-न्हाणीसह. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या पहिल्या 556 कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. ज्या दारामागे तीन पिढ्या एका खोलीत राहिल्या, त्या माणसांना दोन खोल्यांत आपला वेगळा पलंग टाकता आला, ही गोष्ट लहान नाही. तिचे स्वागतच केले पाहिजे.

पण किल्ली मिळाली की काम संपले असे नव्हे. चाळीत लिफ्ट नव्हती, म्हणून तिचे बिलही नव्हते. 40 मजल्यांच्या इमारतीत लिफ्ट, पाण्याचे पंप, आग विझवण्याची साधने, रखवालदार हे सगळे चालू ठेवावे लागते आणि त्याचा खर्च दरमहा येतो. धुणी-भांडी करणाऱ्या बाईला, पेन्शनीवरच्या म्हाताऱ्याला तो किती वर्षे झेपेल? झेपला नाही, तर ते घर विकून वसईला, बदलापूरला जातील आणि पुन्हा लोकलच्या गर्दीत उभे राहतील. म्हणून देखभालीची तरतूद घराच्या योजनेतच पुरेशी आणि दीर्घ मुदतीची असावी, असे माझे मत आहे. दुसरे म्हणजे, प्रत्येक चार-सहा मजल्यांमागे शेजाऱ्यांना बसता येईल अशी एक उघडी जागा हवी. चाळीतली गॅलरी ही चैन नव्हती. पोरे सांभाळणे, आजाऱ्याची विचारपूस करणे, पापड वाळत घालणे, सारे तिथे होई.

आणि ज्यांनी या गिरण्या चालवल्या त्यांचे काय? गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाची पहिली सोडत 2012 साली निघाली. अर्ज दीड लाखाच्या आसपास आले होते. घरे त्या मानाने फारच थोडी. पुष्कळांचे अर्ज आजही पेटीत आहेत आणि अर्जदार गावी, तुमच्या शेजारी, ओसरीवर बसलेले आहेत. काहींच्या बाबतीत आता अर्ज पुढे चालवायला मुलगा किंवा सून आहे. त्यांना पनवेलजवळ कोनला घरे दिली गेली. शेलू-वांगणीकडे नवी घरे देण्याची बोलणी झाली. घर कुठेही असो, ते घरच आहे, हे खरे. पण ज्या जमिनीच्या तिसऱ्या वाट्यावर त्यांची घरे उभी राहायची होती, ती जमीन परळातच होती, हेही तितकेच खरे.

आता तुम्ही म्हणाल, मुंबईच्या या गोष्टींचा आमच्या गावाशी संबंध काय? संबंध असा, की हे वारे आता तालुक्याच्या गावी पोहोचले आहे. बाजारपेठेतले जुने वाडे पडून तिथे व्यापारी संकुले उठत आहेत. एस. टी. स्टँडासमोर, बाजाराच्या मैदानावर, शाळेच्या भिंतीला लागून बांधकामे निघत आहेत. अशा वेळी नकाशा पाहताना इमारत किती मजल्यांची, काच कुठल्या रंगाची, एवढेच विचारून थांबू नये. मी तीन प्रश्न सुचवतो. इमारतीत येणारी माणसे पायी कोणत्या वाटेने येतील? तळमजल्याचे तोंड रस्त्याकडे आहे की पाठ? आणि या बांधकामामुळे गावाची जी मोकळी जागा कमी होते, तिच्या बदल्यात गावाला काय मिळते?

हे विचारण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा 1966 सालचा. त्याप्रमाणे शहराचा विकास आराखडा आधी लोकांसमोर ठेवावा लागतो आणि ठरलेल्या मुदतीत हरकती-सूचना घ्याव्या लागतात. याचा उपयोग होतो का? होतो. मुंबईचा नवा आराखडा 2015 च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात अनेक ठिकाणी चुका निघाल्या. लोकांनी हजारोंनी हरकती लिहिल्या, आणि एप्रिलमध्ये सरकारने तो आराखडा परत घेऊन दुरुस्त करायला लावला. सुधारलेला आराखडा 2018 साली मंजूर झाला. पोस्टकार्डावर दोन ओळी लिहिणाऱ्या माणसालाही त्यात वाटा होता.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. एखाद्या शनिवारी सातवी-आठवीच्या मुलांना टेप देऊन शाळेपासून एस. टी. स्टँडापर्यंत न्या. फूटपाथ किती रुंद आहे ते मोजू द्या; जाणकारांच्या मानकाप्रमाणे चालायला निदान 1.8 मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट जागा मोकळी हवी. सावली किती पावलांवर संपते, रस्ता ओलांडायला जागा कुठे आहे, पांगळ्या माणसाची गाडी कुठे अडते, हे वहीत लिहू द्या. तो कागद मुख्याध्यापकांच्या सहीने नगरपंचायतीकडे पाठवा आणि पोच घ्या. पोच घ्यायला विसरू नका. पुढच्या वर्षीच्या मुलांनी तोच रस्ता पुन्हा मोजला, म्हणजे काय बदलले आणि काय नाही ते त्यांनाच सांगता येईल.